पंख्याखालची जमीन

१९५५ सालच्या अंदाजपत्रकात चिंतामणराव देशमुख यांनी शिवणयंत्रे, विजेचे दिवे, बॅटऱ्या, कागद आणि रंग यांच्या जोडीला विजेच्या पंख्यावरही अबकारी कर बसविला. त्या काळाचा विचार केला तर त्यात फारसे वावगे नव्हते. १९५०-५१ साली छत्तीस कोटींच्या या देशात वर्षाकाठी सुमारे दोन लाख पंखे तयार होत. ज्याच्या घरी वीज, त्याच्याच घरी पंखा. आणि वीज ही बहुधा साहेबाच्या, शेठजींच्या किंवा फार तर वकिलाच्या घरी असे. परंतु पुढे चित्र झपाट्याने पालटले. १९६०-६१ साली उत्पादन साडेदहा लाखांवर आणि १९७०-७१ साली सतरा लाखांवर गेले. पंखा बंगल्याचा जिना उतरून चाळीत आला. कर बसविणाऱ्यांच्या मनात मात्र तो अद्याप बंगल्यातच फिरत असावा. आज विजेच्या पंख्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. वातानुकूलन यंत्रावर तो २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तोही १८ टक्के झाला. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीतील पंखा आणि समुद्राकाठच्या मनोऱ्यातील वातानुकूलन यंत्र ही दोन्ही करखात्याच्या दृष्टीने आता एकाच पंगतीत बसली आहेत. या घटनेची नोंद कोणी घेतली नाही, कारण पंख्याविषयी विचार करण्याची आपल्याला सवयच उरलेली नाही.

माहीमसारख्या वस्तीत पंखा म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. एका बाजूस खाडी, दुसऱ्या बाजूस समुद्र, आणि मे-ऑक्टोबरात वारा पडला की अंगावरचा घाम वाळत नाही अशी हवा. पंखा हवा थंड करीत नाही. तो घाम वाळवितो इतकेच. पण रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा चार तास झोप लागते ती त्याच्याच जोरावर. माहीमची आणखी एक गंमत आहे. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत वीज पुरविते ती 'बेस्ट', म्हणजे महानगरपालिका. १९०५ साली स्थापन झालेली खाजगी कंपनी ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, पालिकेने ताब्यात घेतली. खाडी ओलांडून वांद्र्यास गेले की खाजगी वीज सुरू होते. १९२९ ची बॉम्बे सबर्बन कंपनी पुढे रिलायन्सकडे आणि २०१८ साली अदानींकडे गेली. एका पुलाच्या दोन टोकांना विजेच्या मालकीची दोन तत्त्वज्ञाने नांदतात. पंखा मात्र दोन्हीकडे तोच असतो, आणि बहुतेक घरांत तो 'क्रॉम्प्टन', 'उषा', 'बजाज' अशा जुन्या नावांचा असतो. या नावांपैकी पहिले मुंबईत वाढले. त्याचा इतिहास पाहण्यासारखा आहे, कारण भारतीय भांडवलशाहीने गेल्या नव्वद वर्षांत जी जी सोंगे घेतली ती सर्व या एका पंख्याभोवती फिरताना दिसतात.

कर्नल क्रॉम्प्टन हा इंग्रज अभियंता. तरुणपणी तो लष्करी अधिकारी म्हणून हिंदुस्थानात होता आणि वाफेच्या इंजिनाने रस्त्यावरून गाड्या ओढण्याचे प्रयोग त्याने येथे केले. मायदेशी परतल्यावर १८७८ साली त्याने चेम्सफर्ड येथे विजेची यंत्रे बनविणारी कंपनी काढली. १८९९ साली कलकत्त्यात वीज आली, त्या शहराच्या विद्युतीकरणातही त्याचा हात होता. साहेबाला विजेच्या दिव्यापेक्षा विजेच्या पंख्याची निकड अधिक होती. तोवर छताला टांगलेला कापडी पंखा दोरीने ओढण्यासाठी माणूस ठेवीत. तो रात्रभर व्हरांड्यात बसून दोरी ओढी आणि डुलकी लागली तर शिव्या आणि लाथा खाई. विजेच्या पंख्याने त्या माणसाची लाथांपासून सुटका केली आणि त्याच झटक्यात नोकरीपासूनही. त्याचे पुढे काय झाले, हे कंपनीच्या कोणत्याही गौरवग्रंथात लिहिलेले नसते.

१९२७ साली क्रॉम्प्टनची कंपनी पार्किन्सन यांच्या कंपनीत मिसळली. १९३७ साली या 'क्रॉम्प्टन पार्किन्सन'ने मुंबईत आपला कारखाना काढला. माल विकण्यासाठी तिने ग्रीव्हज कॉटन या पेढीशी हातमिळवणी केली. ही पेढीही समजून घेतली पाहिजे. १८५९ साली जेम्स ग्रीव्हज आणि जॉर्ज कॉटन या दोघा इंग्रजांनी स्थापन केलेली ही मुंबईची जुनी पेढी कापसाच्या आणि कापडगिरण्यांच्या व्यवहारात वाढली. गिरणगावच्या कामगाराला परिचित असलेली मॅनेजिंग एजन्सीची पद्धत ती हीच: भांडवल भागधारकांचे, घाम कामगाराचे आणि नियंत्रण व दलाली पेढीची. म्हणजे मुंबईच्या पंख्याचा जन्मच गिरणीच्या कुळात झाला.

स्वातंत्र्य आले तेव्हा इंग्रज मालक आवराआवर करू लागले आणि देशी मालक खरेदीस निघाले. १९४७ साली करमचंद थापर यांनी या उद्योगाचा ताबा घेतला. राजकीय सत्तांतराबरोबर आर्थिक सत्तांतर झाले ते अशा रीतीने: कार्यालयाच्या दारावरची पाटी बदलली, आतल्या खुर्च्या तशाच राहिल्या. १९६६ साली कारखान्याची आणि विक्रीची अशा दोन्ही कंपन्या एकत्र करून 'क्रॉम्प्टन ग्रीव्हज' हे नाव देण्यात आले. दोनच वर्षांनी, १९६८ साली, विलायतेतील मूळ क्रॉम्प्टन पार्किन्सन कंपनी हॉकर सिडलेच्या पोटात गेली. बापाचे घर मोडले आणि लेकाने त्याचे नाव चालविले.

येथे एका गोष्टीचे श्रेय दिले पाहिजे. परवाना पद्धतीला नावे ठेवण्याची आज फॅशन आहे आणि तिच्यातील भ्रष्टाचाराविषयी समाजवाद्यांनीच सर्वांआधी आवाज उठविला होता. तरीही आयातीवरील निर्बंधांच्या आश्रयाने या देशात पंख्याचा प्रत्येक भाग बनू लागला, हे नाकारता येणार नाही. पोलादी पत्र्याच्या चकत्या कापणे, त्यांची चळत रचणे, तिच्या खाचांत तांब्याची तार गुंडाळणे, अ‍ॅल्युमिनियमची पाती ठोकून त्यांचा समतोल साधणे, ही कामे हजारो हातांनी शिकून घेतली. तारगुंडाळणी हे बोटांचे काम आहे. एक वेढा चुकला, एके ठिकाणी तारेवरचा लेप खरवडला गेला तर पंखा दोन उन्हाळेही टिकत नाही. ज्या पंख्यांनी चाळींमधून चाळीस-चाळीस वर्षे काढली, ते जाहिरातीच्या जोरावर टिकले नाहीत. कारखान्यातून बाहेर पडलेले आणि कधीच कारखान्यात न शिरलेले असे किती तरी कारागीर गल्लोगल्ली वाइंडिंगची दुकाने थाटून बसले. माहीम, दादर, लालबाग येथे जळालेला पंखा नवा करून घेणे हा वर्षानुवर्षे शे-पन्नास रुपयांचा मामला होता, तो त्यांच्यामुळे.

कामगारांच्या इतिहासात मात्र पंख्याच्या कारखान्यांची नावे न्यायालयांच्या निकालपत्रांत अधिक आढळतात. लाला श्रीराम यांच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सचा 'उषा' पंखा कलकत्त्याचा. १९६७ साली पश्चिम बंगालमधील संयुक्त आघाडीच्या सरकारने घेरावाच्या प्रसंगी पोलिसांनी कामगारमंत्र्यांना विचारल्याविना हस्तक्षेप करू नये अशी परिपत्रके काढली. त्यांना याच कंपनीने उच्च न्यायालयात आव्हान दिले आणि ती रद्द झाली. घेराव या शब्दाची कायदेशीर व्याख्या पंख्याच्या एका कारखान्याने देशाला मिळवून दिली. क्रॉम्प्टन ग्रीव्हजचे नावही असेच एका निकालाला चिकटले आहे. १९६८ साली तिच्या कलकत्ता शाखेत कामगारकपातीवरून दीर्घ संप झाला. संपकाळाच्या वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७८ साली न्यायालयाने निकष घालून दिला: संपकाळाचे वेतन हवे असेल तर संप कायदेशीरही असला पाहिजे आणि समर्थनीयही. आजही कामगार न्यायालयात उभ्या राहणाऱ्या प्रत्येक वकिलाला हा निकाल उघडावा लागतो. संप समर्थनीय होता की नाही हे न्यायाधीश ठरवितात. कपात समर्थनीय होती की नाही याची तितकीच कसून तपासणी होते काय, हा प्रश्न आता अर्धशतकाकडे वाटचाल करीत आहे.

१९९१ नंतरचा भाग सर्वांच्या डोळ्यांसमोरचा आहे, पण तो तुकड्यातुकड्यांनी पाहिला गेला. २००५ साली या कंपनीने बेल्जियममधील पॉवेल्स ही रोहित्रे बनविणारी कंपनी विकत घेतली. वर्तमानपत्रांनी भारतीय उद्योग जग जिंकीत असल्याची ग्वाही दिली. दहाच वर्षांत जग जिंकणाऱ्यांना घर विकावे लागले. थापर कुटुंबाने कर्जाचे ओझे हलके करण्यासाठी घरगुती वस्तूंचा विभाग, म्हणजे पंखे, दिवे आणि पंप, मूळ कंपनीपासून तोडला. एप्रिल २०१५ मध्ये त्यातील ३४ टक्क्यांहून थोडा अधिक भाग अ‍ॅडव्हेंट ही अमेरिकन गुंतवणूक संस्था आणि सिंगापूर सरकारची टेमासेक यांना सुमारे २,००० कोटी रुपयांना विकण्याचा करार झाला. पंखा हा कंपनीचा सर्वांत साधा, सर्वांत जुना आणि रोख पैसा आणणारा भाग होता. बुडत्या व्यवसायाला तारण्यासाठी बुडता व्यवसाय कोणी विकत नाही. चालता व्यवसायच विकावा लागतो.

मागे उरलेल्या कंपनीचे काय झाले? ऑगस्ट २०१९ मध्ये तिच्या संचालक मंडळानेच जाहीर केले की ३१ मार्च २०१८ रोजी कंपनीवरील देणी सुमारे १,०५३ कोटी रुपयांनी आणि संबंधित व इतर पक्षांना दिलेल्या आगाऊ रकमा सुमारे १,९९० कोटी रुपयांनी कमी दाखविल्या गेल्या असाव्यात. कंपनीच्या काही मालमत्ता रीतसर मंजुरीवाचून तारण ठेवल्याचेही त्या निवेदनात होते. २९ ऑगस्ट रोजी अध्यक्ष गौतम थापर यांना पदावरून दूर करण्यात आले. २०२० साली मुरुगप्पा समूहाने कंपनी ताब्यात घेतली आणि तिची घडी पुन्हा बसविली. व्यक्तींच्या दोषादोषांचा निवाडा न्यायालये करतील. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सतावणारा प्रश्न निराळा आहे. हिशेबतपासनीस होते, स्वतंत्र संचालक होते, भागबाजाराचे नियंत्रक होते, कर्ज देणाऱ्या बँका होत्या. या सर्वांच्या डोळ्यांदेखत हे घडू शकले. हजेरीपटावर सही करण्यास दहा मिनिटे उशीर झाला तर ज्याचा अर्धा दिवस कापला जाई, त्या कामगाराचा एकही प्रतिनिधी त्या मंडळावर नव्हता. व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग हे तत्त्व १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने राज्यघटनेच्या ४३-अ कलमात घातले गेले. ते कलम आजही तेथेच आहे.

आता जमिनीकडे वळू. कांजूरमार्गला क्रॉम्प्टनचा विस्तीर्ण कारखाना होता. आज त्या भूमीच्या मोठ्या भागावर निवासी मनोरे उभे आहेत. तिकडे कलकत्त्यात प्रिन्स अन्वर शाह रोडवर जेथे उषाचे पंखे आणि शिवणयंत्रे बनत, तेथे साउथ सिटी ही प्रचंड वसाहत आणि २००८ साली उघडलेला मॉल आहे. दोन शहरे, दोन मालक, दोन प्रकारची सरकारे, आणि शेवट एकच. पंख्यापेक्षा पंख्याखालची जमीन महाग झाली, इतकाच त्याचा अर्थ. लालबाग-परळच्या गिरण्यांची कथा यापेक्षा निराळी नाही. फरक एवढाच की गिरण्यांच्या जमिनीसाठी मोर्चे निघाले, घरांच्या सोडती झाल्या, थोडेफार हाती लागले. अभियांत्रिकी कारखान्यांच्या जमिनीविषयी असे काही उभे राहिले नाही. कमाल नागरी जमीनधारणा कायदा महाराष्ट्राने नोव्हेंबर २००७ मध्ये मोडीत काढला तेव्हा कारखान्याखालच्या जमिनीचा धनी कोण हा प्रश्न कायमचा मालकाच्या बाजूने सुटला, आणि कामगार संघटना त्यावेळी बहुतांशी स्वेच्छानिवृत्तीच्या रकमेची घासाघीस करण्यात गुंतल्या होत्या. ही टीका कठोर वाटेल. पण ज्या चळवळीने वेतनकराराच्या प्रत्येक आण्याचा हिशेब ठेवला तिने सात-बाराचा उतारा पाहण्याची तसदी घेतली नाही, हे सत्य आहे.

पंखे बनणे थांबले आहे असे मात्र नव्हे. क्रॉम्प्टनचा पंखा गोव्यात फोंड्याजवळ आणि हिमाचलात बद्दी येथे बनतो, काही माल बाहेरून करवून घेतला जातो. करसवलतीच्या मागे कारखाना फिरतो. सवलतीची मुदत संपली की तो पुन्हा फिरेल, हे तेथील कामगार जाणून आहेत. ज्या गुंतवणूक संस्थांनी २०१५ साली तो विकत घेतला त्यांनी पुढे आपले भाग बाजारात विकून टाकले. म्हणजे कर्नल क्रॉम्प्टनच्या नावाला आता एक निश्चित मालकही नाही. म्युच्युअल फंड, विमा कंपन्या आणि असंख्य भागधारक मिळून त्याचे मालक आहेत. यालाच कोणी भांडवलाचे सामाजिकीकरण म्हणेल तर त्याने एकदा बद्दीच्या ठेकेदाराकडील कामगाराला तसे सांगून पाहावे.

या साऱ्या उलाढालीत खुद्द पंखा किती सुधारला? सामान्य छताचा पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट वीज खातो. गेल्या कित्येक दशकांत हा आकडा फारसा हलला नाही. जुना रेग्युलेटर तर पंख्याचा वेग कमी करताना वाचलेली वीज उष्णता करून उधळीत असे. यात अज्ञान नव्हते. विजेचे बिल पंखा बनविणाऱ्याला भरावयाचे नसते. दुकानात ग्राहक किंमत पाहतो. आणि ज्याच्या खिशात पैसे कमी तो कमी किमतीचा, म्हणजे अधिक वीज खाणारा पंखा घेतो. घरमालकाने बसविलेला पंखा भाडेकरू चालवितो, तेव्हा तर निवडीचाही प्रश्न नसतो. वीस-पंचवीस वर्षे टिकणाऱ्या वस्तूत गरिबाने आरंभी वाचविलेले पाचशे-हजार रुपये तो पुढे हप्त्याहप्त्याने वीज कंपनीला देत राहतो. तीस-पस्तीस वॅटवर चालणारा, चुंबकाचा आणि ब्रशविरहित मोटारीचा पंखा घरोघरी नेण्याची धडपड केली ती कोणत्याही जुन्या नावाने नव्हे; पवईच्या आय. आय. टी. मधून बाहेर पडलेल्या तरुणांच्या 'अ‍ॅटमबर्ग' या कंपनीने. जुन्यांनी त्यानंतर धावाधाव केली. शासनाने पंख्याला तारांकन सक्तीचे केले तेही १ जानेवारी २०२३ पासून.

हिशेब सोपा आहे. पंचाहत्तर वॅटचा पंखा दिवसाला बारा तास चालला तर वर्षातील तीनशे दिवसांत २७० युनिटे जळतात. तीस वॅटचा पंखा १०८ युनिटांत तेच काम करतो. एका पंख्यामागे वर्षाला १६२ युनिटे वाचतात. माहीमच्या दोन खोल्यांत दोन पंखे धरले तर सव्वातीनशेच्या घरात. केंद्र सरकारच्या 'उजाला' योजनेत सुमारे ३६ कोटी एलईडी दिवे वाटले गेले. पंखे मात्र जेमतेम तेवीस-चोवीस लाख. दिव्याची किंमत शंभराच्या आत असल्याने तो खपला, पंखा हजारांवर गेल्याने अडला. म्हणजे अडचण तंत्रज्ञानाची नाही, आरंभीच्या रकमेची आहे, आणि आरंभीची रक्कम उभी करणे हे तर सार्वजनिक संस्थेचे काम.

नव्या पंख्याबरोबर एक नवी अडचणही येते, तिच्याकडे काणाडोळा करून चालणार नाही. जुना पंखा जळाला तर गल्लीतला वाइंडिंगवाला तो उघडून दोन तासांत चालू करून देई. नव्या पंख्याचा इलेक्ट्रॉनिक पट्टा बिघडला की कंपनीच्या सेवा केंद्रास फोन करावा लागतो. वीज वाचते आणि कारागीर बसतो. दोरी ओढणाऱ्या माणसाचे जे झाले तेच पुन्हा. सुटे भाग आणि त्यांची रेखाटने खुल्या बाजारात उपलब्ध करून देण्याची सक्ती कायद्याने झाली आणि आय. टी. आय. मध्ये या दुरुस्तीचे लहान अभ्यासक्रम निघाले तर हे टळू शकते.

'बेस्ट'चा विचार यासाठी करावयाचा. तिच्याजवळ प्रत्येक घराचे मीटर आहे आणि दरमहा बिल घरोघरी जाते. कमी विजेचा पंखा घरी बसवून त्याची किंमत बचतीतूनच बिलाच्या हप्त्यांत वसूल करणे, जुना पंखा परत घेऊन त्यातील तांबे आणि पोलाद भंगारात न फुकता वापरणे, आणि बसविण्याचे व दुरुस्तीचे काम वस्तीतल्याच वाइंडिंगवाल्यांच्या सहकारी संस्थांकडे देणे, हे पालिकेला करता येण्याजोगे आहे. 'बेस्ट' तोट्यात आहे ही सबब पुढे येईल. तिचा तोटा मुख्यतः बससेवेचा आहे, आणि हप्त्यांची वसुली तर बिलाबरोबरच होणार आहे. माहीम, धारावी आणि दादरच्या कार्यकर्त्यांनी उन्हाळा सुरू होण्यापूर्वी शंभर घरांची पाहणी करावी: पंखे किती, किती वर्षांचे, बिल किती युनिटांचे, घर भाड्याचे की मालकीचे. एवढी माहिती हाती असली तर प्रभाग कार्यालयात जाऊन बोलताना आवाज चढविण्याची गरज पडणार नाही.